सहा पावसाळे टिकणारा लॅपटॉप

एका आजारी माणसाच्या उशाशी उभा राहून मी खोटं बोललो. "आतून तोच आहे, सर. फक्त वरचं रूप बदललंय," असं म्हणालो. आतून तो तोच नव्हता, हे मला दुकानातच माहीत होतं. माझ्या हातून याहून मोठ्या चुका झाल्या असतील, पण दुसऱ्या कुठल्याही चुकीचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलेलं नाही. कारण त्या खोट्यानं मी फक्त एक लॅपटॉप बदलला नाही. ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, ती त्यांची पारख, मी त्यांच्याकडून काढून घेतली.

ते आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो, आणि वयानं त्यांच्यापेक्षा बराच लहान. मी बेळगावात शहापुरात वाढलेला, घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. ते बेळगुंदीचे. शाळा सुटली की धोतर नेसून शेतात जाणारे. त्यांच्या घराण्यात बैलाची पारख चालत आलेली. जनावरांच्या बाजाराला निघालेली गावची माणसं त्यांना आवर्जून मोटारसायकलवर मागं बसवून न्यायची. ते दात बघत, खूर बघत, पण त्यांचा खरा नियम निराळाच होता.

"उभा बैल बघून घिऊ नये," ते म्हणायचे. "उभा असला की सगळाच बैल चांगला दिसतोय. बसलेला उठताना बघावा. उठताना लबाडी करता येत न्हाय."

दुसरा नियम होता, विकणाऱ्याला गुण विचारायचे नाहीत. "नाल ठोकणाऱ्याला इचार. कुठल्या बैलाचा कुठला पाय दुखतोय, त्याला ठावं असतंय."

इथपर्यंत त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण हे नियम ते सगळ्याच गोष्टींना लावायचे. शाळेसाठी खडूचे बॉक्स आले की प्रत्येक बॉक्समधला एक खडू कानाशी धरून मोडायचे. नवी छत्री घ्यायची तर पावसाळ्यापूर्वी नाही. भर वाऱ्यात दुकानाबाहेर उभं राहून ती वाऱ्याकडं तोंड करून उघडायचे आणि उलटी झाली तर दुकानदाराला परत देऊन पुढच्या दुकानात जायचे. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसलेलो. ते समोर येऊन थांबले. मी आदरानं उठलो. त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "चांगला हाय. गुडघ्याला हात न लावता उठला."

एकदा त्यांच्या पुतणीला स्थळ आलं. मुलगा बेळगावात बँकेत, दिसायला देखणा. सरांनी त्याला काहीच विचारलं नाही. जेवायची पंगत बसली, तर हे भिंतीला टेकून नुसतं बघत बसले. जेवण झाल्यावर मुलगा उठला, स्वतःचं ताट उचललं, शेजारच्या म्हाताऱ्याचंही उचललं आणि मोरीकडं गेला. सर आत जाऊन भावाला म्हणाले, "दे पोरगी." त्या दोघांचा संसार आजही सुखाचा आहे, आणि त्याचं श्रेय सर अजून स्वतःकडंच घेतात.

आम्ही त्यांची चेष्टा करायचो. बैलाचे सगळे दात आले की तो 'जुळला' असं म्हणतात; म्हणजे तरुणपण सरलं. आमचे पी.टी.चे सर पाय पुढं करून म्हणायचे, "सर, ही चप्पल किती दाती, सांगा बघू." सर खरोखरच वाकून टाच बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "जुळली. आता हिच्याकडनं लई काम घिऊ नको."

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, हे जांबोटीला जायला लागले. त्यांच्या सासरवाडीचं गाव जांबोटीच्या पलीकडं, रानात. एका लग्नाला गेले असताना त्यांनी तिथल्या पोरांना सहज एक भागाकार घातला. चौथीतली पोरं, एकालाही आला नाही. शाळेत गणिताची जागा रिकामी होती. पुढच्या आठवड्यात सर पुन्हा तिथं हजर. शनिवारी सकाळी बसनं जायचे, मेव्हणीकडं मुक्काम करायचे, दोन दिवस पोरांना शिकवायचे आणि परत यायचे.

पण पावसाळ्यात तिकडं बसचा भरवसा नसतो. कधी कधी लागोपाठ दोन-तीन आठवडे जाणं जमत नाही. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळं इथून ऑनलाइन शिकवायचाही प्रश्न नव्हता. सरांनी मार्ग काढला. घरी मोबाईलवर धडे रेकॉर्ड करायचे, पावसाळ्याआधी महिनाभराचे धडे लॅपटॉपमध्ये भरायचे आणि लॅपटॉप तिथंच मेव्हणीच्या घरी ठेवायचा. संध्याकाळी पोरांनी तिथं जमायचं आणि धडा बघायचा.

"मी न्हाय तवा त्यो सर," ते मला म्हणाले. "ही पोरं आता पाचवीत जातील. धाव्वी हुईपर्यंत मी सोडणार न्हाय. म्हंजे सहा पावसाळे काढंल असला लॅपटॉप पायजे."

जुन्या विद्यार्थ्यांच्या गटानं वर्गणी काढली. गटाचा सगळा हिशेब माझ्याकडं असल्यामुळं खरेदीला मी बरोबर जाणार, हे ठरलेलंच होतं. मला वाटलं, एका दुपारी उरकेल. सरांनी त्याला अख्खा हिवाळा लावला. शोरूममध्ये आधी गेलेच नाहीत. बेळगावातल्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात रोज जाऊन बसायचे, नाल ठोकणाऱ्याला विचारतात तसे. कुठले मरून येतात, कशानं मरतात, कुठल्याचा सुटा भाग मिळतो, कुठल्याचा मिळत नाही, हे नुसतं बघत. तिथं त्यांना कळलं की बहुतेक लॅपटॉप आतून नाही, बिजागरीपाशी मरतात. बारीक, चकचकीत असतात त्यांची मेमरी आत कायमची चिकटवलेली असते, वाढवता येत नाही. बॅटरी बदलायची तर सगळं अंग फाडावं लागतं. आणि ऑफिसांमधून वापरतात तसले जाड, काळे, कुरूप लॅपटॉप खालचे स्क्रू काढले की उघडतात, बॅटरी मिळते, कीबोर्ड वेगळा मिळतो.

त्यांनी तसलाच एक निवडला. दुकानात त्याचं झाकण एका बोटानं उघडलं, खालचं अंग हललं नाही. मांडीवर घेऊन बराच वेळ चालवला आणि पोटाखाली तळहात लावून ठेवला, तापतो का बघायला. मग बंद करून पुन्हा चालू केला, उठताना कसा उठतो ते बघायला. "हाच," ते म्हणाले. दुकानदार म्हणाला, स्टॉकमधला नवा पुढच्या आठवड्यात येईल.

त्या आठवड्यात सरांच्या छातीत कळ आली. बायपास झाली. मी दवाखान्यात त्यांना बघितलं, नळ्या लावलेले, पांढरेफटक. तिथून मी थेट दुकानात गेलो, आणि तिथं मी मनात हिशेब केला. तो पैशांचा नव्हता, पैसे पुरेसे होते. मी त्यांच्या आयुष्याचा हिशेब केला. हा माणूस आता फार तर एक-दोन वर्षं. त्यातही जांबोटीला बसनं जाणं तर संपलंच. मग सहा पावसाळ्यांचा लॅपटॉप कशाला? मी समोरचा एक बारीक, रुपेरी, निम्म्या किमतीचा उचलला. उरलेले पैसे गटाकडं राहतील, पुढं कुठल्या तरी चांगल्या कामाला येतील, असं स्वतःला सांगितलं. त्या चांगल्या कामात शोकसभाही माझ्या मनात येऊन गेली होती, हेही आज सांगून टाकतो.

सर बिछान्यावर होते. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, वजन केलं.

"हलका लागतोय रं."

"आतून तोच आहे, सर. फक्त वरचं रूप बदललंय. आजकाल सगळे हलकेच येतात."

"पोट उघडून बघितलंस न्हवं?"

"व्हय सर."

"मग ठीक," म्हणाले, आणि डोळे मिटले.

माझा हिशेब पावसाळ्याआधीच चुकला. दोन-अडीच महिन्यांत सर उठून बसले, मग चालायला लागले, आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, बरोबर घेऊन जांबोटीची बस पकडली. काकू मला म्हणाल्या, "ह्यांना सांगून काय उपेग न्हाय बघ. म्हणतात, पोरं अपूर्णांकावर येऊन थांबल्यात, मी मधीच कसा मरू?"

लॅपटॉपनं पहिला पावसाळा कसाबसा काढला. दुसऱ्या पावसाळ्यात, रान सगळं भिजून भिंतींना ओल आलेली असताना, त्याची बिजागरी तुटली आणि पडदा काळा झाला. बस बंद होती. पोरं रोज संध्याकाळी जमायची, थोडा वेळ बसायची आणि घरी जायची. सर तिथं पोचले तेव्हा पावसाळा सरत आला होता. बेळगावात आणल्यावर दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडला आणि नकारार्थी मान हलवली.

मला वाटलं, आता सर मला विचारणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "आजारपणात माझी पारख गेली बघ. हातात हलका लागला, तरी मी व्हय म्हणालो. उठताना बघितलाच न्हाय."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, "असं काही नाही, सर."

त्यानंतर जे झालं, ती माझी रोजची शिक्षा होती. बाजाराच्या दिवशी गावची माणसं मोटारसायकल घेऊन दारात आली, तर सर म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी न्या. माझा डोळा राह्यला न्हाय." छत्री काकूंनी आणली, त्यांनी उघडूनही बघितली नाही. दुसऱ्या एका पुतणीच्या स्थळाच्या वेळी ते पंगतीला बसून खाली मान घालून जेवले. पोरांना शिकवणं त्यांनी सोडलं नाही. फळा घेऊन जायचे, घसा बसेपर्यंत शिकवायचे. पण पुढचा पावसाळा येणार होता आणि नव्या लॅपटॉपचं नाव काढलं की म्हणायचे, "तूच आण. तुला बरा कळंल."

मला बरा कळेल, हे ऐकताना मला स्वतःच्या तोंडाकडं आरशात बघवेना. गटाकडं पैसे शिल्लक होतेच, आणि ते का शिल्लक आहेत हे फक्त मलाच माहीत होतं. मी ठरवलं, आणायचा तर त्यांनाच घेऊन जायचं.

बेळगावच्या शोरूममध्ये ते कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले, मांडीवर पिशवी, जणू दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला आलेत. विकायला एक तरुण मुलगी होती. तिनं मला तीन-चार लॅपटॉप दाखवले. प्रत्येकाचं झाकण ती दोन्ही हातांनी हळूच उघडायची, पूजेचं पुस्तक उघडावं तसं. "स्लिम आहे सर, वजन काहीच नाही," असं म्हणायची. मी मुद्दामच "छान, छान" म्हणत होतो. चौथ्याला मी म्हणालो, "हाच द्या मग."

स्टुलावरून आवाज आला. "एका हातानं उघड बघू."

मुलीनं एका हातानं उघडायचा प्रयत्न केला. झाकणाबरोबर सगळा लॅपटॉपच वर आला.

"बघितलंस?" सर मला म्हणाले. "बिजागरी आत्ताच सांगालीय, मी जाणार म्हणून."

"असं कुणी उघडत नाही सर," मुलगी म्हणाली.

"जांबोटीकडची पोरं उघडतात. एका हातात भाकरी असती त्यांच्या." आता ते उठले होते. गुडघ्याला हात लावून उठले, पण उठले. "ह्याचं पोट उघडतंय काय?"

"आम्ही उघडून दाखवत नाही सर. वॉरंटी जाते."

"दात न दाखवता बैल इकालीस व्हय गं?"

मुलगी एकदम हसली. म्हणाली, "आमचे आप्पा पण दात बघूनच घेतात. आणि बसलेला उठवून बघतात."

सर थबकले. "कुठली गं तू?"

"सदलग्याची."

"आनि हितं ह्ये चकचकीत इकालीस? आप्पाला सांगू काय तुझ्या?"

मुलगी आत गेली आणि गोदामातून एक जाड, काळा लॅपटॉप घेऊन आली. "हे बाहेर मांडत नाहीत. कुणी बघतच नाही. हे उघडून दाखवते, याला चालतंय," ती म्हणाली आणि स्वतःच स्क्रू काढायला बसली. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि डोकं आत घातलं. मेमरीची एक जागा भरलेली, एक मोकळी. बॅटरी वेगळी निघणारी. पंखा मोठा. मग त्यांनी तो बंद करून मिटला, मांडीवर घेतला, एका बोटानं उघडला आणि चालू केला. पडदा उजळेपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडंच बघत होतो. त्यांनी पोटाखाली हात धरला. तापतोय का ते बघत बराच वेळ धरून ठेवला, मध्ये मुलीनं आणलेला चहा डाव्या हातानं पीत.

"ह्यो," ते म्हणाले. "आनि ह्याची एक बॅटरी आत्ताच जादा बांधून दे. पुढं मिळंल न मिळंल."

परतीच्या वाटेवर ते गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि दिसेल त्या गोष्टीचे दात मोजत होते. समोरच्या ट्रकचे टायर जुळलेत. त्या घराचा पत्रा एक पावसाळा काढंल. मी ऐकत होतो. त्यांचा डोळा परत आला होता. मग आता कशाला सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं.

त्या लॅपटॉपनं पुढचे सगळे पावसाळे काढले. एकदा मांजर त्यावर बाळंत झालं. एकदा कीबोर्डात आमटी सांडली. दुरुस्तीवाल्यानं नुसता कीबोर्ड बदलला. एकदा मेमरी वाढवली, ती मोकळ्या जागेत बसली. ती पोरं त्याच्यासमोर मोठी झाली, मुलांचे आवाज फुटले, मुली पंजाबी ड्रेस घालायला लागल्या, आणि पडद्यावरचे सर मात्र तेच राहिले. यंदा ती सगळी पोरं दहावी पास झाली. सगळी. गणितात एकही मागं राहिलं नाही. मेव्हणीच्या शेजारची एक मुलगी तर शाळेत पहिली आली आणि निकाल कळल्यावर सरांच्या घरी फोन करून म्हणाली, "सर, आता सायन्सला जातोय आम्ही. अकरावीचे धडे कधी भरताय?"

कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला, आमच्याकडं बैलांना रंगवतात, मिरवतात. त्याच सुमारास पोरांच्या गावानं शाळेच्या पटांगणात मांडव घातला आणि सरांचा सत्कार ठेवला. पोरांनी टेबलावर लॅपटॉप ठेवून त्याला लाल हुरमुंज लावलेलं, वर झूल घातलेली, झाकणाच्या दोन कोपऱ्यांना शिंगांसारखे गोंडे बांधलेले. माणसं बघून हसत होती आणि हात जोडत होती. ढोल वाजत होता. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं, काकू खालून ओरडत होत्या, "हळू रं, टाके घातलेली छाती हाय ती."

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. सर बोलायला उभे राहिले.

"तुम्ही माझी पारख लई वाखाणालाय," ते म्हणाले. "पण खरं सांगतो. पयला लॅपटॉप मीच चुकीचा घेतलो. हातात घेतल्यावर कळलं हुतं, तरी घेतलो. माझ्यापायी ह्या पोरांचा एक पावसाळा वाया गेला. तेवढं माझ्या नावावर राहू दे. त्याची मी ह्या पोरांकडं माफी मागतो."

आणि त्यांनी पोरांच्या पुढं हात जोडले.

मी उठलो. कसा उठलो मला माहीत नाही. म्हणालो, "सर, थांबा. ती चूक तुमची नाही."

"बस रं, तू कशाला मधी?"

"तुम्ही निवडलेला लॅपटॉप मी आणलाच नाही. दुकानात दुसरा घेतला, स्वस्तातला. आतून तोच आहे म्हणून तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. पोट मी उघडून बघितलंच नव्हतं. हलका लागतोय, असं तुम्ही म्हणालात, तेच बरोबर होतं."

ढोलवाला ढोलावर हात ठेवून उभा राहिला. सर माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा उजळत गेला की मला समजेना हे काय होतंय. ते माइक सोडून काकूंकडं वळले.

"अगं, ऐकलंस काय? माझी पारख गेलीच न्हवती. आजारी असताना, बिछान्यात पडून असताना, नुसत्या हातानं मी सांगितलं हुतं, हलका लागतोय." मग माणसांकडं बघून म्हणाले, "ऐकलं न्हवं सगळ्यांनी? बेळगुंदीला जाऊन सांगायचं बरं काय."

माणसं हसली, टाळ्या पडल्या. आमच्याबरोबर आलेले पी.टी.चे सर मागून म्हणाले, "सर, ह्या माणसाला पण उठताना बघूनच घेतलावता की तुम्ही." पुन्हा हशा. सरही हसले. राग कुठंच नव्हता. इतक्या वर्षांनी ते पुन्हा पूर्ण झाले होते, आणि माझ्याकडं बघायलाही त्यांना सवड नव्हती. मी तेवढ्यावर सुटून खाली बसलो असतो.

पण हसता हसता ते थांबले. खरंच कळेना म्हणून त्यांनी साधेपणानं विचारलं, "पण दुसरा का घेतलास रं? पैसे तर हुते."

तेव्हा मला कळलं की आतापर्यंत मी जे बोललो, ती माफी नव्हतीच. पोरं समोर बसली होती, काकू बघत होत्या. मी पुढं जाऊन त्यांच्या पायांना हात लावला, आणि वर न बघता म्हणालो, "सर, सहा पावसाळे तुम्ही काढणार नाही, असं मला वाटलं होतं. म्हणून सहा पावसाळ्यांचा लॅपटॉप मी घेतला नाही. तुम्ही जिवंत असताना मी तुमची वर्षं मोजून टाकली. मला माफ करा."